समाजसभेतील दृक्‌साधने आणि बैठकीची रचना : बऱ्हाणपूरच्या संदर्भात

प्रस्तावना

जुलै 2022 मध्ये मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हा देशातील पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा ठरला. ऑगस्ट 2019 मध्ये जल जीवन मिशन सुरू झाले तेव्हा जिल्ह्यातील 37,241 ग्रामीण घरांत, म्हणजे साधारण 36 टक्के घरांत, नळाचे पाणी होते. तीन वर्षांत ते सर्व 1,01,905 घरांत पोहोचल्याची नोंद झाली. या आकड्यांइतकीच प्रमाणीकरणाची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. काम पूर्ण झाल्याचा दाखला गावासमोर वाचून दाखवायचा, ग्रामसभेने त्यावर ठराव करायचा आणि सभेचे छोटे चित्रीकरण ठरावाच्या प्रतीसह मिशनच्या संकेतस्थळावर द्यायचे, असा नियम आहे. जिल्ह्यातील 254 गावांनी या मार्गाने आपापला ठराव केला.

अध्यापकांच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उभा राहतो. दाखला वाचला जातो तेव्हा तो नेमका कोणापर्यंत पोहोचतो? ग्रामसभा, मोहल्ल्याची सभा, पालकसभा, बचत गटाची बैठक, सगळीकडे एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि शेवटी हात वर होतात. मागच्या ओळीतल्या माणसाने हात वर केला म्हणजे त्याला विषय कळला असे मानण्याची पद्धत आहे. वस्तुतः त्याला तक्ता दिसला नसेल, आवाज अर्धाच आला असेल, किंवा पुढच्या खुर्चीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर बोलणे त्याला प्रशस्त वाटले नसेल. ही तिन्ही कारणे खोलीच्या रचनेत असतात आणि तिन्हींवर सभा सुरू होण्यापूर्वीच उपाय करता येतो.

पुदुच्चेरी विद्यापीठाने 1995 मध्ये देशातील पहिले कम्युनिटी कॉलेज सुरू केले. पुढे 2013 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेमुळे अशी महाविद्यालये अनेक ठिकाणी निघाली. समाजाशी संबंध ठेवणे हे त्यांच्या नावातच आहे. त्यामुळे विस्तारकार्याच्या सभा घेण्याचे काम तेथील अध्यापकांकडे आणि विद्यार्थ्यांकडे येते. परंतु त्यांच्या प्रशिक्षणात ‘दृक्‌-श्राव्य साधने’ हा विषय येतो तो बहुधा वर्गाध्यापनाचा भाग म्हणून. सभा हा वर्ग नव्हे. वर्गात शिक्षकाला माहीत असते आणि विद्यार्थ्यांना शिकायचे असते. सभेत निम्म्याहून अधिक माहिती समोर बसलेल्यांकडेच असते. प्रस्तुत लेखात बऱ्हाणपूर शहर व परिसर डोळ्यांसमोर ठेवून या फरकाचा विचार केला आहे.

एका प्रसिद्ध कोष्टकाबद्दल

दृक्‌साधनांचे महत्त्व सांगताना प्रशिक्षणवर्गांत एक कोष्टक हमखास दाखवले जाते : माणूस वाचलेल्यापैकी 10 टक्के, ऐकलेल्यापैकी 20 टक्के, पाहिलेल्यापैकी 30 टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी 90 टक्के लक्षात ठेवतो. खाली नाव असते एडगर डेल यांचे. डेल यांनी 1946 मध्ये ‘अनुभवाचा शंकू’ मांडला हे खरे. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. शंकूत त्यांनी अनुभवांची मांडणी प्रत्यक्षापासून अमूर्ताकडे केली होती आणि ती काटेकोर उतरंड समजू नये असेही बजावले होते. हे गोल गोल आकडे नंतर कोणीतरी चिकटवले आणि ते पुस्तकांतून पुस्तकांत गेले.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, या कोष्टकामुळे चित्र लावले की काम झाले, अशी समजूत रुजली आहे. चित्रात आपोआप शिकवण्याची शक्ती नसते. ते कोणाला दिसते, कोणत्या बाजूने वाचले जाते आणि ते चुकले असेल तर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो.

जमिनीखालचे पाणी दाखवायचे कसे?

बऱ्हाणपुरात याचे फार चांगले उदाहरण आहे. शहराबाहेर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात, हा अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास उभारला गेला. डोंगराकडून तापीकडे जाणारे भूजल जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून, हलक्या उताराने, कोणतेही यंत्र न वापरता ते शहराकडे आणण्याची ही व्यवस्था आहे. इराणातील कनातीच्या जातीची. जवळचे दुसरे उदाहरण म्हणजे मलिक अंबरने औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याच शतकात करविलेली नहर-ए-अंबरी. बऱ्हाणपुरात बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. त्यांची संख्या शंभराच्या आसपास असून काही ठिकाणी खोली सुमारे 80 फूट भरते. 2024 मध्ये या रचनेचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला.

आता समजा, भंडाऱ्याच्या परिसरात नव्या कूपनलिका घ्याव्यात की नाहीत, यावर एखाद्या मोहल्ल्यात सभा आहे. जमलेल्यांपैकी पुष्कळांनी कुंडीचे तोंड पाहिलेले असते. लहानपणी आत दगड टाकून आवाज ऐकलेलाही असतो. परंतु या कुंड्या खाली एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यांतले पाणी डोंगराकडून झिरपत येते आणि त्या वाटेवर खोल नळी टाकून पंप लावला तर बोगद्याकडे येणारे पाणी मध्येच खेचले जाऊ शकते, ही गोष्ट जमिनीवर उभे राहून कोणालाच दिसत नाही. वरून काढलेल्या नकाशात तर कुंड्या म्हणजे ओळीत मांडलेले ठिपके. नकाशा अगदी बिनचूक असला तरी या सभेला त्याचा उपयोग नाही.

येथे हवा असतो उभा छेद, म्हणजे जमीन बाजूने कापल्यास कशी दिसेल ते चित्र. अडचण अशी की, छेद ही एक शिकावी लागणारी रीत आहे. चित्रे वाचण्याचीही सवय लागते, हे विल्यम हडसन यांनी 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पाहणीतून दाखवले होते. कागदावरचे अंतर आणि खोली दाखवणारे संकेत त्या चित्रांशी अपरिचित असलेल्यांना अपेक्षेप्रमाणे कळत नव्हते. यात बुद्धीचा प्रश्न नसतो. अभियंत्याला छेद सहज कळतो, कारण त्याने शेकडो पाहिलेले असतात.

म्हणून छेदाचे चित्र दाखवण्यापूर्वी सभेसमोर एखादी वस्तू कापावी. तापीकाठी टरबुजाला तोटा नाही. अख्खे टरबूज दाखवायचे, मग कापून आतली बाजू समोर धरायची आणि विचारायचे, जमीन अशी कापली तर काय दिसेल? विहीर खोदलेला माणूस बहुतेक सभांत असतोच. मुरूम किती हातांवर लागला, काळा खडक कुठे सुरू झाला, ओल कुठे दिसली, हे तो सांगू लागला की फळ्यावरचा छेद त्याच्या बोलण्यावरून भरत जावा. असा छेद छापील तक्त्याइतका देखणा होत नाही. मात्र सभा त्यावर विश्वास ठेवते, कारण तो तिच्यातल्याच माणसाने सांगितलेला असतो.

खोलीचा अंदाज कागदावर येत नाही. त्यासाठी 80 फुटांची दोरी घेऊन, दर पाच फुटांवर गाठ मारून, ती अंगणात आडवी पसरावी. मुलांना तिच्या कडेने चालू द्यावे. पाणी खेचले जाण्याचा मुद्दा काचेच्या पेटीत दाखवता येतो. पेटीत वाळू आणि बारीक खडी भरायची, काचेला लागून थोड्या अंतरावर दोन नळ्या उभ्या खोचायच्या, पाणी ओतायचे. पाणी वाळूत पसरून दोन्ही नळ्यांत सारख्या पातळीवर स्थिरावते. मग एका नळीतून पिचकारीने पाणी ओढत राहिले की दुसऱ्या नळीतील पातळीही उतरू लागते. पेटी लहान असेल तर हा प्रयोग सहा-सात जणांनाच नीट दिसतो. चाळीस जणांसमोर एकदा करण्याऐवजी तो पाच ठिकाणी फिरवून पाच वेळा करावा. वेळ लागतो; पण अशा सभेत वेळ खर्च करण्यासारखे दुसरे फारसे काही नसते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. छेदाच्या चित्रात उंची बहुधा लांबीच्या मानाने कितीतरी पट वाढवून दाखवलेली असते. नाहीतर दोन-तीन किलोमीटर लांबीच्या रेघेवर 80 फूट खोली दिसणारच नाही. हे सांगितले नाही तर बोगद्याचा उतार डोंगराच्या कड्यासारखा वाटतो आणि पाणी धो धो वाहत असेल असा समज होतो.

कोठे बसायचे आणि कोणाकडे तोंड करायचे

हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने 1957 मध्ये रुग्णालयांच्या रचनेवर लिहिताना जागांचे दोन प्रकार सांगितले. काही जागा माणसांना एकमेकांकडे ओढतात, काही एकमेकांपासून दूर सारतात. रेल्वे स्थानकावरील बाकांच्या रांगा दुसऱ्या प्रकारात मोडतात. महाविद्यालयाचा वर्गही बहुतांशी त्यातच जमा होतो. सगळ्यांचे तोंड फळ्याकडे आणि प्रत्येकासमोर दुसऱ्याची पाठ. अशा वर्गात मोहल्ल्याची सभा भरवली की पन्नाशीचा विणकरही बाकावर बसताच विद्यार्थी होतो. विचारले तर उत्तर देतो, आपणहून बोलत नाही.

बर्नार्ड स्टाइनझोर यांनी 1950 मध्ये वर्तुळात बसलेल्या गटांच्या चर्चांचे निरीक्षण केले. एक माणूस बोलला की त्याला पुढचे उत्तर शेजाऱ्यापेक्षा समोरच्याकडून येण्याचा संभव अधिक, असे त्यांना आढळले. ज्याचा चेहरा दिसतो त्याला आपण उत्तर देतो. सभा घेणाऱ्याला यातून एक उपयोगी युक्ती मिळते. अतिशय बोलणाऱ्या गृहस्थाला शेजारी बसवावे, समोर नव्हे. आणि जिचे ऐकायचे आहे पण जी गप्प राहते तिच्या समोर बसावे.

वर्तुळालाही मर्यादा आहेत, आणि त्या साध्या हिशेबाने कळतात. सतरंजीवर बसणाऱ्या प्रत्येकाला साधारण 60 सेंटिमीटर रुंदी लागते असे धरले तर 20 जणांच्या वर्तुळाचा घेर 12 मीटर होतो आणि व्यास पावणेचार मीटरच्या आसपास. मधोमध ठेवलेली वस्तू प्रत्येकापासून दोन मीटरच्या आत असते. चाळीस जण झाले की व्यास साडेसात मीटरवर जातो. मधली वस्तू दिसेनाशी होते आणि समोरच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. म्हणून पंचवीसपर्यंत वर्तुळ, त्यापुढे घोड्याच्या नालेसारखी दुहेरी रचना आणि उघड्या बाजूस तक्ता, असे करणे सोयीचे पडते. शंभर माणसे असतील तर मात्र कोणतीही रचना त्यांना चर्चा करू देणार नाही. तेथे गट पाडावेत, किंवा ती माहिती देण्याची सभा आहे हे मान्य करावे.

मोठ्या सभेत खोलीची लांबी वापरायची की रुंदी, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. आयताकृती दालनात व्यासपीठ अरुंद भिंतीकडे ठेवण्याची सवय आहे. ते रुंद भिंतीच्या मध्याशी आणले तर शेवटची ओळ बरीच जवळ येते. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीचे दालन पाहिले की हे लगेच लक्षात येते. पंधरा कमानींची लांब आघाडी आणि त्या मानाने बरीच कमी खोली. तेथे कारण नमाजाच्या सफीचे आहे, सभेचे नव्हे. तरीपण पुष्कळ माणसे समोरच्या भिंतीच्या जवळ आणण्याचा तो एक जुना आणि सिद्ध मार्ग आहे.

खुर्च्यांचा प्रश्न नाजूक असतो. पाहुणे आणि वडील मंडळी पुढे खुर्चीवर, बाकीचे मागे सतरंजीवर, ही सर्वत्र दिसणारी पद्धत. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे 75 ते 80 सेंटिमीटर उंचीवर असतात आणि खुर्चीवर बसलेल्याचे डोके त्याच्या कितीतरी वर. पुढच्या एका ओळीतील सहा खुर्च्या मागच्या चार ओळींचा तक्ता झाकतात. मान राखायचा असेल तर खुर्च्या दोन्ही बाजूंना, भिंतीलगत लावाव्यात. तेथून सभा आणि तक्ता दोन्ही दिसतात, पाठ टेकायला भिंत मिळते आणि गुडघेदुखी असलेल्यांची सोय होते. मागच्या बाजूला लावल्या तर दिसेल सगळे, पण कोणी बसणार नाही!

आवाज पलीकडे जातो, तक्ता जात नाही

अनेक मोहल्ल्यांत स्त्रिया सभेस येतात त्या पडद्यामागे, शेजारच्या खोलीत किंवा वरच्या सज्जात बसतात. त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचावा म्हणून ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा तिकडे लावला की व्यवस्था झाली असे समजले जाते. परंतु वक्ता म्हणतो, “हे पाहा, येथून पाणी येते आणि येथे अडते,” आणि काठी तक्त्यावर ठेवतो. पलीकडे फक्त ‘येथून’ आणि ‘येथे’ हे दोन शब्द पोहोचतात. दृक्‌साधन जितके चांगले, तितके वक्त्याचे बोलणे त्यावर अवलंबून आणि तितकाच पडद्यामागचा भाग सभेतून बाद, असा हा उलटा परिणाम आहे.

जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावाच्या पाणी समितीत निम्म्या जागा महिलांच्या असाव्यात आणि पाण्याची तपासणी करण्यासाठी प्रत्येक गावातील पाच महिलांना प्रशिक्षण द्यावे, अशी अपेक्षा आहे. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते, पहिल्या दोन घागरी गढूळ येतात काय, याची माहितीही घरात त्यांनाच असते. अशा विषयावरील सभेत निम्मी समिती तक्ता न पाहता बसते, ही गोष्ट सौजन्याची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ठरावच अपुऱ्या माहितीवर होतो.

उपाय अवघड नाहीत. पडदा काढण्याचा आग्रह धरण्याची गरज नाही. तो आग्रह धरला तर पुढच्या सभेला त्या येणारच नाहीत. तक्त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि दुसरी पलीकडच्या खोलीत लावून तेथे एका विद्यार्थिनीला काठी द्यावी. तक्त्यावरील प्रत्येक भागाला ठळक आकडा असावा, म्हणजे वक्ता ‘येथे’ न म्हणता ‘चार नंबरच्या ठिकाणी’ म्हणेल. ही शिस्त वक्त्याला लावणे हेच सर्वांत कठीण काम आहे; सरावाच्या वेळी त्याचे हात मागे बांधून बोलायला लावले तर लवकर जमते. पलीकडून येणाऱ्या प्रश्नांसाठी चिठ्ठ्यांवर विसंबू नये, कारण लिहिता न येणारी स्त्री चिठ्ठीमुळे पुन्हा वगळली जाते. त्या विद्यार्थिनीने प्रश्न तोंडी ऐकून मुख्य सभेत सांगावा, किंवा सभेचा अर्धा वेळ वक्त्यानेच दुसऱ्या खोलीच्या दारापाशी उभे राहावे.

लिपी, दिशा आणि रंग

बऱ्हाणपुरात एकाच गल्लीत हिंदी, उर्दू आणि मराठी वाचणारी माणसे राहतात. यात नवे काही नाही. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने बांधविलेल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि त्याचा काळ 1590 च्या सुमाराचा आहे. सार्वजनिक जागेतील मजकूर एकापेक्षा अधिक लिपींत लिहावा, ही समज या शहराला चारशे वर्षांपूर्वीपासून आहे.

तक्त्याच्या बाबतीत मात्र दोन लिपी लिहून प्रश्न संपत नाही, कारण लिपीबरोबर दिशाही येते. बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये इंग्रजी, हिब्रू आणि अरबी भाषकांना सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा घटना कागदावर क्रमाने मांडण्यास सांगितले. इंग्रजी भाषकांनी त्या डावीकडून उजवीकडे, तर अरबी भाषकांनी प्रामुख्याने उजवीकडून डावीकडे मांडल्या. आता आरोग्यसभेतील नेहमीचा तक्ता आठवावा. डावीकडे घाण पाणी, मध्ये औषध टाकणे, उजवीकडे स्वच्छ पेला. ज्याची नजर उर्दूच्या सवयीने उजवीकडून सुरू होते, त्याला स्वच्छ पाण्यात काहीतरी टाकून ते घाण झालेले दिसेल. बाण काढावेत हे खरेच. पण त्याहून सोपा उपाय म्हणजे क्रम वरून खाली मांडणे. ती दिशा दोन्ही लिपींना समान आहे.

अक्षरांच्या आकाराबाबत निसर्गाचाच एक हिशेब आहे. दृष्टी अगदी निर्दोष असेल तर 6 मीटरवरून सुमारे 9 मिलिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. डोळे तपासण्याच्या तक्त्याचा पायाच तो आहे. सभेत कमी प्रकाश, मोतीबिंदू आणि चष्मा घरी विसरलेले लोक धरून त्याच्या तिप्पट-चौपट आकार हवा. व्यवहारात, शेवटच्या ओळीचे अंतर भागिले 200, हा नियम चालतो : 6 मीटरला 3 सेंटिमीटर, 8 मीटरला 4. देवनागरीत ही उंची मूळ अक्षराची धरावी. वर वेलांटी व मात्रा, खाली उकार यांसाठी जवळजवळ तेवढीच जागा आणखी सोडावी लागते. उर्दूच्या नस्तालीक वळणात शब्द तिरका उतरतो, त्यामुळे ओळ त्याहूनही जास्त जागा घेते. या हिशेबाने साध्या ड्रॉइंग शीटवर आठ-नऊ ओळींपेक्षा अधिक मजकूर मावत नाही. मावला तर तो मागच्यांसाठी नाही असे खुशाल समजावे. शीटची खालची कड जमिनीपासून किमान एक मीटर वर असावी.

रंगांविषयी थोडेच सांगायचे आहे. पुरुषांपैकी काहींना लाल आणि हिरव्यातील फरक नीट कळत नाही, म्हणून केवळ रंगावर अर्थ सोपवू नये. शिवाय हिरवा आणि भगवा हे या शहरात, आणि कोठेही, निव्वळ रंग राहिलेले नाहीत. पाण्याला निळा, मातीला तपकिरी आणि नळीला काळा घेतला म्हणजे लोक पाण्याविषयी बोलतील. काही घरांत व मदरशांत सजीवांची चित्रे भिंतीवर लावणे टाळतात. अशा ठिकाणी घागर, नळ, मोजपट्टी, नकाशा आणि आकडे यांनी काम भागते आणि तक्ता काही उणा होत नाही.

उजेड, आवाज आणि वीज

खिडकीला पाठ करून उभ्या राहिलेल्या वक्त्याचा चेहरा काळा दिसतो आणि तक्ताही. खिडक्या श्रोत्यांच्या पाठीशी किंवा बाजूला याव्यात. चकचकीत फ्लेक्सवर ट्यूबलाइटची पट्टी उमटते, म्हणून खरखरीत कागद किंवा मांजरपाट बरा. तो या विणकरांच्या शहरात मिळण्यास अडचण नाही.

आवाजाचे गणित बऱ्हाणपुरात विशेष महत्त्वाचे आहे. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे 60 डेसिबल असते आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ते 6 डेसिबलने घटते. आठ मीटरवर ते 42 पर्यंत उतरते. उलट, यंत्रमागाच्या शेडमध्ये 90 ते 100 डेसिबल आवाज असणे नेहमीचे. शेजारच्या गल्लीतील खडखडाटही अंगणातील बोलणे सहज गिळतो. यंत्रमाग असलेल्या मोहल्ल्यात सभेची वेळ ठरवताना पाळी केव्हा बदलते आणि माग केव्हा थांबतात हे आधी विचारावे. वीज गेली की माग बंद पडतात आणि सभा ऐकू येऊ लागते, पण तेव्हाच प्रोजेक्टरही बंद पडतो, अशी गंमत आहे. प्रोजेक्टरविरुद्ध याहून मोठा आक्षेप वेगळाच आहे. त्यासाठी खोली अंधारी करावी लागते, माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात आणि पडद्यावरचे चित्र सभेतील कोणालाही बदलता येत नाही.

काठी कोणाच्या हातात?

1980 च्या दशकाच्या अखेरीस भारतात आगा खान ग्राम समर्थन कार्यक्रम, मायराडा यांसारख्या संस्थांनी आणि रॉबर्ट चेंबर्स यांनी लोकसहभागी ग्रामीण मूल्यांकनाची पद्धत पुढे आणली. तिचे मुख्य साधन होते जमीन. गावकरी रांगोळी, खडे, पाने, बिया यांनी आपल्या गावाचा नकाशा अंगणात स्वतःच मांडत, आणि कार्यकर्ता काठी त्यांच्या हाती देऊन बाजूला होई. कागदावर चूक सापडली तर बोलायला संकोच वाटतो, कारण कोणाचे तरी श्रम खराब होतात. खडा मात्र कोणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतो.

ठरावाच्या सभेत याचा उपयोग स्पष्ट आहे. ‘सर्व घरांत नळ आले’ हे वाक्य वाचून दाखवले तर त्याला होकार मिळतो. तेच गाव जमिनीवर मांडून, प्रत्येक घरासाठी एक खडा आणि नळ असलेल्या घराच्या खड्यावर एक हरभरा ठेवायला सांगितले, तर शेवटच्या वस्तीतली बाई पुढे येऊन आपल्या खड्याकडे बोट दाखवू शकते. तिला भाषण करावे लागत नाही. पाणी येते पण तिसऱ्या दिवशी, हेही अर्धा हरभरा ठेवून सांगता येते. वाचलेल्या दाखल्यात अर्ध्या उत्तरासाठी जागा नसते.

हा नकाशा पुसण्यापूर्वी कागदावर उतरवणे हे विद्यार्थ्यांचे काम. त्यावर तारीख घालावी आणि तो गावातच ठेवावा. महाविद्यालयाने आपल्या अहवालासाठी प्रत घ्यावी, मूळ नेऊ नये. स्त्रियांच्या बाजूला वेगळा नकाशा मांडला गेला असेल तर तोही तसाच उतरवावा, आणि दोन्हींत फरक आढळल्यास ते परस्पर एक करून टाकू नयेत. ते शेजारी शेजारी लावून पुढची सभा त्या फरकापासून सुरू करावी.